शेठच्या गाडीची जागा

"कोन ठेवला तर चोरीले जाते. हिले कोण नेते?"

शेठ हे माझ्यासमोर बोलले. माझ्याकडे बोट दाखवून बोलले. मे महिना, सकाळचे अकरा, गांधीबाग बाजाराचा रस्ता. मी डोक्याला दुपट्टा बांधून कडेला उभी होते. नुसती उभी नव्हते. एका गाडीएवढी जागा धरून उभी होते, अर्ध्या तासापासून. चपलेखालचं डांबर मऊ झालं होतं. शेठची पांढरी गाडी आली तशी मी नेहमीसारखी मागे सरकले. जिथे माझे पाय होते तिथे गाडीचं चाक आलं.

शेठच्या शेजारी रायपूरचे एक व्यापारी बसले होते. एवढ्या गर्दीत तुम्हाला जागा मिळते कशी, असं त्यांनी विचारलं होतं. शेठ म्हणाले, आमची बाई उभी असते. पाहुणे म्हणाले, त्यापेक्षा प्लास्टिकचा लाल-पांढरा कोन ठेवा ना, ट्रॅफिकवाले ठेवतात तसा. त्यावर शेठ ते वाक्य बोलले. पाहुणे पोट धरून हसले.

मीपण हसले.

हे मला आधी सांगून टाकायचं आहे. तोंड दुपट्ट्यात होतं, हसले नसते तरी कोणाला कळलं नसतं. तरी हसले. शेठ हसले की आपण हसायचं, हे अंगात इतकं भिनलं होतं की आपल्यावरच हसत आहेत हे कळायच्या आत हसू येऊन गेलं. शेठच्या त्या वाक्याचा मला राग आहे. माझ्या हसण्याची मला शरम आहे. शरम जास्त टोचते.

मी साड्यांच्या होलसेल दुकानात कामाला होते. अकरा वर्षं. माल दाखवायचा, घड्या घालायच्या, रंग जुळवायचे, बाहेरगावच्या दुकानदारांना कोणता काठ चालेल ते सांगायचं. हे काम मला येतं. चांगलं येतं. आमचे बाबा विणकर होते. टांडापेठेतल्या घरात हातमाग होता आणि उरलेल्या जागेत आम्ही होतो. कापड हातात घेतलं की त्यात किती दम आहे ते मी सांगू शकते. शेठनाही ते ठाऊक होतं. नवा माल आला की मलाच बोलवायचे. म्हणायचे, "पाह्य वं, तुह्या हाताले काय वाटते?"

असा हात असलेल्या बाईला त्यांनी रस्त्यात उभं केलं.

सुरुवात अगदी साधी झाली. कामाला लागले त्या वर्षीची दिवाळी होती. शेठचा मुनीमजींना फोन आला, मुनीमजी मला म्हणाले, "जाय वं, दोन मिनिटं खाली उभी राह्य. कोणाले गाडी लावू देऊ नको." गेले. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दिवाळी संपली, माझं उभं राहणं संपलं नाही. शेठ घरून निघाले की फोन करायचे. एकच शब्द, "निघालो." मुनीमजी माझ्याकडे पाहायचे आणि मी दुपट्टा उचलायची.

आमच्या बाजारात ही रीतच आहे. कोणी हातगाडी आडवी लावून जागा धरतं, कोणी रिकामे खोके ठेवतं, कोणी जुना टायर. पण खोके उचलून फेकता येतात. हातगाडी ढकलता येते. माणूस उभा केला तर त्याला धक्का मारून बाजूला करता येतं. बाईला हात लावता येत नाही. म्हणून बाई. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचा सत्कारच करायला हवा.

हात लावत नसत, तोंड मात्र लावत. "रस्ता तुह्या बापाचा आहे का वं?" हे तर रोजचं. एकाने हॉर्नवर हात ठेवला तो पाच मिनिटं काढला नाही. एकाने गाडी माझ्या गुडघ्यापर्यंत आणून थांबवली आणि खिडकीतून माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणायची, "शेठची जागा आहे." जणू शेठने तो रस्ता सातबाऱ्यावर चढवून घेतला होता. मी अकरा वर्षं त्या रस्त्यावर शेठच्या वतीने कब्जा करून राहिले, आणि मला एकदाही वाटलं नाही की रस्ता माझाही आहे.

बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. बाबा खांद्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन ह्याच बाजारात यायचे. व्यापाऱ्याच्या ओट्यावर चढायचे नाहीत, पायरीखाली उभे राहायचे. बोलावलं की जायचे. कधी दुपार व्हायची. लहानपणी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. मी पायरीवर बसले तर त्यांनी मला हाताला धरून उठवलं. म्हणाले, "उभी राह्य, बाई. आपण उभंच राहाचं असते इथं." हे मी चांगलं पाठ केलं.

आता बसचं सांगते, कारण सगळी लढाई बसच्या थांब्याची आहे.

टांडापेठेतलं घर वाटणीत गेलं. आम्ही दिघोरीच्या पलीकडे, नव्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये राहायला गेलो. तिथून बाजारात एकच बस थेट येते. तिचा थांबा आमच्या दुकानाच्या अगदी समोर होता. टिनाचं शेड, लोखंडी बाक, बाकाची एक पट्टी गायब. सकाळी दहाच्या सुमाराला मी तिथे उतरायची आणि थोड्या वेळाने त्याच शेडपासून दहा पावलांवर गाडीची जागा धरून उभी राहायची. संध्याकाळी साडेसातला आम्ही दहा-बारा जणी त्या शेडखाली जमायचो. कोणी साड्यांच्या दुकानातली, कोणी किराणा दुकानात धान्य निवडणारी, कोणी शिवणकामाची. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात काम करणारी ताराकाकू सगळ्यात मोठी. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. ती यायच्या आधी बाकावरची एक जागा रिकामी ठेवायची, हा आमचा नियम होता. तीही जागा धरणंच होतं. पण त्यात फरक होता, आणि तो मला फार उशिरा कळला.

एका संध्याकाळी शेडच्या खांबावर कागद चिकटवलेला दिसला. मी मोठ्याने वाचला. हा बसथांबा पुढे पुलाखाली हलवायचा आहे आणि इथे वाहनतळाची आखणी करायची आहे. कोणाची हरकत असेल तर महापालिकेच्या झोन ऑफिसात लेखी द्यावी.

पूल म्हणजे दोन चौक पुढे. मधला रस्ता हातगाड्या, टेम्पो आणि हमालांनी गच्च. धडधाकट माणसाला पंधरा मिनिटं लागतात. ताराकाकू बाकावरून म्हणाली, "तेवढं चालता आलं असतं तर मले बस काहून पाहिजे होती?"

मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुले लिहिता येते. लिही ना वं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी झोन ऑफिसात गेले. खिडकीवरच्या बाबूने छापील फॉर्म दिला. नाव, पत्ता, मोबाइल, वाहन क्रमांक, हरकतीचं स्वरूप. मी सगळं लिहिलं आणि वाहन क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवला. बाबूने फॉर्म परत सरकवला. म्हणाला, "ताई, एकही रकाना रिकामा चालत नाही. कॉम्प्युटर घेत नाही." माणूस वाईट नव्हता. त्याच्यासमोर फॉर्म होता आणि फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात गाडी नसलेला माणूसच नव्हता.

माझ्याकडे गाडी नाही, सायकलही नाही. मी विचार केला, मी कशाने येते? मग थांब्यावर परत गेले, आमच्या बसची वाट पाहिली, तिच्या नंबरप्लेटवरचा नंबर हातावर लिहून घेतला आणि तो रकान्यात भरला. कॉम्प्युटरने घेतला. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं. खोटं कुठे लिहिलं होतं? माझं वाहन तेच होतं.

हरकतींच्या सुनावणीच्या दिवशी दुकानात सांगितलं, आईला दवाखान्यात न्यायचं आहे. मी आणि ताराकाकू रिक्षा करून झोन ऑफिसात पोचलो. बाकीच्यांना सुट्टी मिळाली नाही. वरच्या मजल्यावर हॉल होता. पुढच्या रांगांत बाजारातले व्यापारी बसले होते, पाण्याच्या गार बाटल्या घेऊन. अगदी मधोमध आमचे शेठ. त्यांनी मागे वळून मला पाहिलं. मग मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. ताराकाकूने माझा हात धरला आणि आम्ही शेवटच्या रांगेत बसलो.

समोर टेबलामागे एक साहेब होते. त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर भाऊ. भाऊ म्हणजे बाजाराच्या भागाचे माजी नगरसेवक. तेव्हा निवडणूक लांबलेली होती, महापालिकेत नगरसेवक कोणीच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. पण भाऊंच्या बॅनरवर "माजी" हा शब्द मुंगीएवढा असायचा आणि बाकीचं नाव हत्तीएवढं. त्या सुनावणीत त्यांचा हक्काने बसण्याचा काही संबंध नव्हता. तरी खुर्ची साहेबांच्या शेजारची होती आणि चहा आधी त्यांच्यापुढे आला.

हरकती वाचायला सुरुवात झाली. माझा नंबर आला. कारकुनाने नाव वाचलं, पत्ता वाचला, मग वाहन क्रमांक वाचला आणि थांबला. पुन्हा पाहिलं. म्हणाला, "हा नंबर तर कॉम्प्युटरात बसचा दिसून राहिला."

सगळा हॉल हसला. शेठ हसले, भाऊ हसले, पाणी वाटणारा हसला. एकजण ओरडला, "बाई, बस विकत घेतली का वं?" पुन्हा हसू. साहेबांनीही ओठ दाबले.

मी उभी राहिले. बोलायचं पाठ केलं होतं ते सगळं गेलं. एवढंच निघालं, "मी त्याच बसनं येतो. म्हणून लिहिला."

भाऊ खुर्चीत मागे रेलले. आवाज अगदी प्रेमाचा. "ताई, तुमचं नाव कोणत्या भागाच्या मतदार यादीत आहे?"

"दिघोरीकडे."

"मग तुम्ही तिकडच्या नगरसेवकाले भेटा ना. इथं आमच्या मतदाराईचा प्रश्न चालू आहे. आणि खरं सांगू का, ज्याच्यापाशी गाडीच नाही त्यानं पार्किंगवर काय बोलाव?"

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. मी खाली बसले.

तिकडच्या माजी नगरसेवकांना मी आठ दिवसांपूर्वीच भेटून आले होते. ते म्हणाले होते, थांबा माझ्या वॉर्डात येत नाही. म्हणजे मी राहते तिथे थांबा नाही आणि थांबा आहे तिथे मी नाही. दिवसातले दहा तास मी ह्या बाजारात घालवते. इथला धूर खाते, इथलं पाणी पिते, इथे उन्हात काळी पडले. पण मी कोणाच्याच यादीत नाही. हे मला त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा कळलं आणि रडू आलं. रागाचं रडू होतं ते. राग कोणावर काढायचा ते कळत नव्हतं म्हणून रडू.

मग व्यापाऱ्यांची बाजू आली. त्यांनी भिंतीवर फोटो दाखवले. पहिला फोटो ट्रॅफिक जामचा. दुसरा बसथांब्याचा, शेड रिकामं, बाकाखाली कुत्रं झोपलेलं. भाऊ म्हणाले, "पाहा साहेब, ह्या थांब्यावर कुत्रं सोडून कोणी बसत नाही." फोटोत सावली खांबाच्या बुडाशी होती. भर दुपारी बारा वाजता काढलेला. त्या वेळी आम्ही सगळ्या दुकानांत राबत असतो, थांब्यावर कोण असणार?

तिसरा फोटो लागला.

रस्त्याच्या कडेला एक बाई उभी. डोक्याला निळा दुपट्टा, फक्त डोळे दिसतात. एका हाताने डोळ्यांवर सावली धरली आहे. खाली लिहिलेलं: "पार्किंगअभावी भर उन्हात ताटकळणाऱ्या महिला ग्राहक."

भाऊंचा आवाज जड झाला. "साहेब, ह्या आमच्या आयाबहिणी. खरेदीले येतात, गाडी लावाले जागा नाही. नवरा गाडी घेऊन चकरा मारून राहिला, अन् हे माय अशी उन्हात उभी. आपल्याले पाहवते का हे?"

ताराकाकू माझ्या कानाशी म्हणाली, "पोरी, हे तर तू होय."

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. त्यांनी मला उन्हात उभं केलं होतं आणि माझ्या उन्हात उभं राहण्याचा पुरावा करून माझाच थांबा मागत होते. कोन म्हटलं तेव्हा मी हसले होते. आता मला ग्राहक केलं होतं. मी जे आहे तेवढंच सोडून त्यांना मी काहीही चालत होते.

तो दुपट्टा माझ्या मांडीवरच होता. तोच, निळा. मी उभी राहिले. काही बोलले नाही. दुपट्टा डोक्याला गुंडाळला, तोंडावरून घेतला, मागे गाठ मारली. उजवा हात डोळ्यांवर धरला. आणि खुर्च्यांच्या मधून चालत पुढे गेले, भिंतीवरच्या फोटोच्या बाजूला उभी राहिले.

हॉलमधली डोकी एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे वळली.

साहेब म्हणाले, "तुम्ही?"

मी म्हटलं, "हो, मी. मी ग्राहक नाही. मी शेठच्या दुकानात नोकर आहो. शेठची गाडी येईपर्यंत मी त्या जागेवर उभी राहतो. अकरा वर्षं झाले. मले उन्हात पार्किंगनं नाही उभं केलं. शेठनं उभं केलं."

सगळे शेठकडे पाहू लागले. शेठ शांत होते. बाजारात इतकी वर्षं काढलेला माणूस, त्यांचा हुकमाचा पत्ता तयार होता. ते उठले आणि म्हणाले, "साहेब, पार्किंगच्या अर्जावर कर्मचाऱ्याईच्या सह्या आहेत. हिची पण आहे. पाहून घ्या. आता कोणाच्या सांगण्यावरून बदलून राहिली, आपल्याले काय माहीत."

कारकुनाने कागद काढला. सातव्या नंबरवर माझी सही होती.

मला लगेच आठवलं. महिन्याभरापूर्वी सकाळी मुनीमजींनी हजेरीचं रजिस्टर पुढे केलं होतं. त्याच्याखाली अर्धा बाहेर आलेला एक कागद. "ह्याच्यावर पण कर वं, मार्केटच्या कामाचं आहे." हजेरीवर सही करता करता खालीही केली. आम्ही सगळ्यांनीच केली. अकरा वर्षं रोज सकाळी त्या रजिस्टरपुढे मान घालून सही करणारी मी, मला कागद वर उचलून पाहायचं सुचलंच नाही. रजिस्टरमध्ये न वाचता सही करायची हा आमच्यासारख्यांचा रिवाजच झालेला असतो. मी माझ्याच हाताने माझा थांबा लिहून दिला होता.

मागून कोणीतरी म्हणालं, "बसा खाली आता." पुन्हा थोडं हसू.

मी बसले असते. आधीची मी नक्की बसले असते. पण दुपट्टा बांधलेला होता आणि त्याच्या आत मी ह्या वेळी हसत नव्हते.

मी म्हटलं, "सही माही आहे. हजेरीच्या खाली कागद ठेवून घेतली. मी वाचलं नाही, हे माही चूक. आता वाचलं. काटा ते नाव."

साहेब म्हणाले, "असं तोंडी काढता येत नाही. लेखी द्यावं लागेल."

"कागद द्या."

त्यांनी कागद दिला, पेनही दिला. मी टेबलाच्या कोपऱ्यावर उभ्यानेच लिहिलं. अक्षर वाकडं आलं. सही करण्याआधी मी ते सगळ्यांसमोर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. मोठ्याने वाचलं. मग सही केली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. संपली नाही. महिन्याभरात आदेश आला. थांबा हलला. माझा कागद कुठल्या फाइलमध्ये गेला ते अजून कळलं नाही, तीनदा विचारून आले. एका सकाळी आम्ही बसमधून पाहिलं, शेड कापलेलं होतं. बाक रस्त्यावर आडवा पडला होता. बस थांबली नाही. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आता पुलाखाली उतराचं." ताराकाकू काचेला हात लावून मागे पाहत राहिली. त्या दिवशी पुलापासून दुकानापर्यंत यायला तिला पाऊण तास लागला. दोनदा टेम्पोच्या फाळक्याला धरून थांबली.

शेठनी मला काढलं नाही. त्यांनी माफ केलं. सगळ्यांना बोलावून म्हणाले, "चुकली बिचारी, कोणीतरी भडकवून दिलं. आपलं मन मोठं आहे." मला वाटतं, काढून टाकलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

थांब्याच्या जागी पांढऱ्या पट्ट्या मारल्या गेल्या. सहा गाड्यांची जागा. बाजारात पेढे वाटले. आणि तिसऱ्या दिवशीपासून काय झालं? सकाळी दहाच्या आत सहाच्या सहा जागा भरू लागल्या. ग्राहकांच्या गाड्यांनी नाही. दुकानदारांच्याच. शेठ उशिरा येणारे. त्यांना जागा मिळेना.

चौथ्या दिवशी मुनीमजींचा फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जाय वं, निघाले शेठ. एक गाडी आत्ताच निघाली, पट्टीत जाऊन उभी राह्य."

मी खिडकीतून खाली पाहिलं. ती रिकामी पट्टी बरोब्बर तिथे होती जिथे ताराकाकूचा बाक होता. कापलेल्या खांबाचं बोटभर लोखंड डांबरातून वर आलेलं दिसत होतं. त्या जागेवर मी शेठच्या गाडीसाठी उभं राहायचं होतं.

"मी नाही जात," मी म्हटलं.

"काहून?"

"मी साड्या दाखवाले आहो. जागा धराले नाही."

मुनीमजींना वाटलं मी गंमत करते आहे. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. दुकानातल्या बाकी बायकांनी घड्या घालणं थांबवलं. मुनीमजी दुसऱ्या बाईकडे पाहून म्हणाले, "तू जाय." ती खाली मान घालून म्हणाली, "माह्या पायाले गोळे येऊन राहिले." मग तिसरीला कणकण भरली. खोटं बोलल्या बिचाऱ्या. पण गेल्या नाहीत.

शेठ आले तेव्हा पाऊण वाजला होता. तीन चकरा मारून त्यांनी गाडी शेवटी पुलाजवळ लावली होती आणि चालत आले होते. शर्ट पाठीला चिकटलेला. गादीवर बसायच्याही आधी ते माझ्यासमोर आले. "मी किती चालत आलो, माहीत आहे का तुले?"

"पुलापासून ना?" मी म्हटलं. "ताराकाकू रोज येते."

अकरा वर्षांत मी त्यांना दिलेलं ते पहिलं उलट उत्तर. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मी खरंच रस्त्यावरचा कोन होते आणि तो एकाएकी बोलू लागला. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

मी डबा उचलला, दुपट्टा उचलला. खाली उतरले. बाबांची आठवण आली. त्यांना मी मनात सांगितलं की उभं राहणं मी तुमच्याकडूनच शिकले, पण पायरीखाली आता नाही.

आता मी इतवारीत एका लहान दुकानात आहे. मालकीण बाई स्कूटीने येते आणि आपली गाडी आपण लावते. तिथली हजेरीही मी वर-खाली पाहूनच भरते.

रोज संध्याकाळी साडेसातला आम्ही त्या पांढऱ्या पट्ट्यांत जाऊन उभ्या राहतो. आधी मी आणि ताराकाकू दोघीच होतो. आता आठ-नऊ जणी असतो. माझ्या जुन्या दुकानातल्या दोघी येतात. ताराकाकूसाठी घरून प्लास्टिकचं स्टूल नेते. बस आली की आम्ही हात दाखवतो. काही ड्रायव्हर थांबवतात, काही नाही थांबवत. गाडीवाले हॉर्न देतात. शिव्या त्याच आहेत, अकरा वर्षांपासून मला पाठ आहेत. "रस्ता तुह्या बापाचा आहे का?" आता मी म्हणते, "हो. माह्या बापाचापण आहे."

भाऊ परवा तिथून गेले. गाडीची काच खाली करून हात जोडले, कारण आता निवडणुकीचे दिवस आहेत आणि ते दिसेल त्याला हात जोडतात. मी कोणत्या यादीत आहे ते ह्या वेळी विचारलं नाही. मी त्यांना थांबा मागितला. काच वर गेली.

मी पुन्हा हरकत दिली आहे. तोच फॉर्म, तेच रकाने. वाहन क्रमांकापाशी पेन थांबला नाही. मी बसचा नंबर लिहिला, मोठ्या अक्षरात, आणि ह्या वेळी माझ्यासोबत आठ बायकांनी आपापल्या फॉर्मवर तोच नंबर लिहिला. सुनावणीत पुन्हा हसतील. हसू दे. आम्ही दुपट्टे बांधून जाणार आहोत, सगळ्या. त्यांनी नकार दिला तर पुन्हा देऊ, आणि तोवर पट्टीत उभ्या राहू. अकरा वर्षं मी शेठच्या एका गाडीसाठी तिथे उभी राहिले आहे. स्वतःसाठी किती वर्षं राहू शकते ते त्यांनी आता मोजत बसावं.